फांकहाउझरची लांब बंदूक

लांब

एर्विन फांकहाउझरच्या विमा कचेरीत ल्यूथी आला, तेव्हा एर्विनला वाटलं की गोठा जळाला असणार. विमा कचेरीत माणसं दोनच कारणांनी येतात. एकतर काहीतरी जळलेलं असतं, नाहीतर भिजलेलं. ल्यूथीच्या अंगाला ना धुराचा वास होता ना ओल. तो खुर्चीत बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, "ओप्लिगर गेला."

"हो. त्याचा दावा मीच निकाली काढला."

"तसं नव्हे रे. मंडळातून गेला म्हणतोय मी. आमच्याकडे आता पाचच उरले."

ल्यूथी गावच्या नेमबाज मंडळाचा अध्यक्ष. दर जूनमध्ये हिर्सेनएग्गच्या टेकडीवर जुन्या लष्करी बंदुकांची नेमबाजी होते. प्रत्येक गावाने सहा माणसं आणायची. जे गाव सगळ्यांत खाली राहील, त्याची जागा पुढच्या वर्षी दुसऱ्या गावाला. आणि ज्याला सहा माणसंही जमत नाहीत, त्याचं नाव तिथल्या तिथे पुसायचं. आजोबांच्या वेळेपासून गावाने ती जागा टिकवली होती. तरणी पोरं आता शहरात नोकरीला होती आणि उरलेली फुटबॉलला.

"पण मी सैन्यात गेलेलो नाही," एर्विन म्हणाला.

हे त्याने हळू आवाजात सांगितलं. गावातला प्रत्येक पुरुष विशीत सैन्यात जाऊन बंदूक घेऊन परत आला होता आणि ती बंदूक घराघरांतल्या कपाटांत बर्फावर घसरायच्या काठ्यांशेजारी उभी होती. एर्विन दारातूनच परत आला होता. लष्करी डॉक्टरने त्याला ओल्या पायांनी फरशीवर चालायला लावलं, उमटलेले ठसे पाहिले आणि शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरला हाक मारली, "अरे इकडे ये, बदक आलंय." पुढे कितीतरी वर्षं एर्विनने सैन्यात न गेल्याचा कर भरला. करापेक्षा त्याला ते गावभर झालेलं बदक जास्त महाग पडलं होतं. गावात कुणी सैन्यातल्या गमती सांगायला लागलं की एर्विन आणखी कॉफी आणायला उठायचा. त्यामुळे गावात सगळे त्याला फार अगत्यशील समजत.

"माहीत आहे की, तुझे पाय सपाट आहेत," ल्यूथी म्हणाला. "पण नेम झोपून धरायचा असतो."

एवढ्या वर्षांत हे कुणाच्याच, खुद्द एर्विनच्याही, डोक्यात आलं नव्हतं.

आखूड

एर्विन हो म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं की आपल्याकडे बंदूक नाही.

लांब

लष्कराचा जुना माल विकणाऱ्या हाबेगरबाईंच्या दुकानात घोंगड्या, पातेली, घोड्यांची खोगिरं आणि बंदुका होत्या. बाईंनी टेबलावर दोन बंदुका शेजारी शेजारी ठेवल्या. एक पूर्ण लांबीची, पायदळाची. दुसरी कार्बाइन, तिच्याहून वीतभर आखूड, लष्करातल्या सायकलवाल्यांना आणि तोफखान्याला द्यायचे तशी.

"काडतूस दोघींना एकच," बाई म्हणाल्या. "लाकूडही एकच. बहिणीच म्हणा. थोरली उंच, धाकटी ठेंगणी."

"चांगली कुठली?"

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "असं कुणी विचारत नाही हो इथे. लोक येतात आणि मला सांगतात."

एर्विनने आधी लांब उचलली आणि त्याला वाटलं, हीच. मग कार्बाइन उचलली आणि त्याला वाटलं, ही पण. आयुष्यात त्याने लोकांना विम्याच्या अडीचशे योजनांतून नेमकी एक निवडून दिली होती. इथे दोनच होत्या आणि त्याला घाम फुटला.

"विचार करून सांगतो."

"करा की. येताना गुन्हा नसल्याचा दाखला तेवढा आणा. पोस्टात मिळतो. तीन महिने चालतो."

तीन महिने! एर्विन मनात हसला. एका बंदुकीचा विचार करायला तीन महिने कुणाला लागतात?

आखूड

एर्विनला लागले.

लांब

एर्विन तीन मजली घरात मधल्या मजल्यावर राहायचा. वरती ओप्लिगरबाई, म्हणजे गेलेल्या ओप्लिगरची बायको. खाली झाउग, रेल्वेच्या वेळापत्रक कचेरीतून निवृत्त झालेला. बंदुकीची बातमी दुसऱ्याच दिवशी वर आणि खाली एकाच वेळी पोचली.

ओप्लिगरबाईंनी त्याला जिन्यात गाठलं. "लांबच घ्या, फांकहाउझर. आमचे हे जन्मभर लांब वापरायचे. कार्बाइन काय, टपाल वाटणाऱ्या पोरांची! नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच जितकी दूर, तितकी चूक आधी दिसते. आणि लांब बंदूक माणसाला सरळ झोपायला लावते."

हे शेवटचं वाक्य लक्षात असू द्यावं. पुढे ते उपयोगी पडणार आहे. फक्त बाईंना वाटलं होतं तसं नाही.

झाउगचं प्रकरण नाजूक होतं. झाउग आणि एर्विन वीस वर्षं एकमेकांना "तुम्ही" म्हणत. वयाने मोठ्याने पेला पुढे करायचा, दोघांनी एक घोट घ्यायचा आणि मग "तू" म्हणायचं, अशी रीत. झाउग वयाने मोठा, पण पेला काही पुढे आला नव्हता. कारण तळघरातली धुण्याची खोली. कपडे वाळवायच्या यंत्रात एक जाळी असते. तिच्यावर लोकर साठते आणि काम झालं की ज्याने त्याने ती साफ करायची. एर्विन साफ करायचा, पण झाउगला हवी तशी नाही. वीस वर्षं त्या खोलीच्या दारावर चिठ्ठ्या लागत होत्या: "आदरणीय शेजाऱ्यांस, जाळीवर पुन्हा करडी लोकर आढळली. सविनय, झाउग." करडे मोजे संबंध घरात एकट्या एर्विनचे होते.

आता नेमबाज मंडळात सगळे एकमेकांना "तू" म्हणतात. झाउग मंडळात होताच, आणि आता एर्विनही. पण पेला झालेला नव्हता. त्यामुळे दोघे असे बोलत, की वाक्यात माणूसच येऊ नये.

"बंदूक घेतली जाणार आहे, असं ऐकण्यात आलं," झाउग टोपलीतले कपडे चोपून ठेवत म्हणाला.

"तसा विचार चाललेला आहे."

"कार्बाइन घेतली जावी. लांब बंदूक म्हणजे पडद्याचा दांडा. म्हणे चूक आधी दिसते! घरात चूक दाखवणारं आणखी एक कशाला हवं? आणि घेण्याआधी घर मोजलं जावं. बंदुकीला राहायला जागा लागते, झोपायलाही लागते."

एर्विनने घर मोजलं नाही. झाउगच्या सांगण्यावरून तो कधी काहीच करत नसे. पण सराव हवाच, म्हणून त्याने केर काढायचा लांब झाडू लांब बंदूक मानला आणि खिडक्या पुसायचा आखूड दांडा कार्बाइन मानला. बायको गायनमंडळाच्या चार बायकांना घेऊन घरी आली, तेव्हा तो बैठकीच्या खोलीत गालिच्यावर पालथा पडून झाडूने भिंतीवर नेम धरून होता.

"एर्विन," व्रेनी म्हणाली, "ती माझी आई आहे."

"माहीत आहे गं. डोळ्यांच्या रेषेत तेवढाच फोटो आहे."

"मग दांडा घे. झाडूने तिला फार जवळून मारतोयस."

एक गोष्ट त्याच्या लक्षात आली होती. एका बाजूला शेगडी, दुसऱ्या बाजूला सोफा. मध्ये दांड्यासकट माणूस सरळ मावे, झाडूसकट मावत नसे. झाडू घेतला की त्याला कोपऱ्याकडे तिरकं झोपावं लागे, डोकं डावीकडे आणि पाय स्वयंपाकघराकडे. त्याने ते मनावर घेतलं नाही. घर घरासारखं असतं, टेकडी टेकडीसारखी.

एवढ्यात दाखल्याची मुदत संपली.

पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "पुन्हा? आत्ताच तर नेला होता."

"तो शिळा झाला."

"म्हणजे त्या वेळी गुन्हा नव्हता," बाई विचारात पडून म्हणाल्या, "आणि आता बघायचंय."

एर्विनच्या मागे रांगेत पाववाला होता. पाववाल्याकडून ही बातमी गेली, ती अशी की फांकहाउझरला आपण गुन्हेगार नाही याची सारखी खात्री करून घ्यावी लागते. ज्याच्या मनात काही नाही तो कशाला बघेल? शनिवारी एक गिऱ्हाईक कचेरीत आलं आणि हवापाणी, गुरंढोरं असं सगळं बोलून झाल्यावर म्हणालं, "आमचा विमा तुमच्या नावावर आहे, की कंपनीच्या?" चीजवाल्याने त्याला नेहमीचा तुकडा कापून दिला, पण सुरी आपल्या बाजूला ओढून घेतली.

एर्विनने ठरवलं, बस झालं. आता कार्बाइन घ्यायची. मनातून त्याला झाउगचं म्हणणं पटलंच होतं. झाउगला न सांगता पटायला हरकत नव्हती. नवा दाखला खिशात घालून तो निघाला, धुण्याची टोपली ठेवायला तळघरात उतरला, आणि धुण्याच्या खोलीच्या दारावर त्याला चिठ्ठी दिसली:

"आदरणीय शेजाऱ्यांस व येणाऱ्याजाणाऱ्यांस. श्री. फांकहाउझर यांच्याविषयी गावात जे बोललं जातं, त्यात तथ्य नाही. त्यांच्या हातून कोणताही गुन्हा घडलेला नाही. जाळी वगळता. सविनय, झाउग."

जाळी वगळता!

एर्विनचे कान लाल झाले. त्याला त्या चिठ्ठीत ते दोनच शब्द दिसले. त्याने थेट हाबेगरबाईंचं दुकान गाठलं आणि दारातूनच सांगितलं, "लांब."

"बघा," बाई खूश होऊन म्हणाल्या, "शेवटी सांगितलंत."

आखूड

बंदूक कपाटात मावली नाही. छत्र्यांच्या कुंडीत ठेवली तर शेजारचं झाड कलंडलं. शेवटी ती कुलूपबंद पेटीसकट पलंगाखाली गेली आणि एक टोक बाहेर राहिलं. व्रेनी दर सकाळी त्याला ठेचकाळायची आणि "सुप्रभात" म्हणायची. बंदुकीला.

लांब

टेकडीवर जाण्याआधी गावच्या मैदानात एक संध्याकाळ सरावाला मिळाली. दुरुस्ती चालू असल्यामुळे समोर नेमाची एकच फळी उभी होती. एर्विनने नेम धरला, गोळ्या सुटल्या आणि फळीवर मधोमध भोकं पडली. ल्यूथीने दुर्बीण डोळ्यांवरून काढली, पुसली, पुन्हा लावली. "अरे बदका!" तो म्हणाला. एर्विनला त्या शब्दाचं पहिल्यांदाच काही वाटलं नाही.

मग जूनचा तो रविवार. बस बंदुकांनी भरलेली. सगळ्यांच्या कार्बाइन मांडीवर बसल्या होत्या, एर्विनची लांब बंदूक उभी होती. चालकाने आरशात बघून विचारलं, "साहेब, त्यांचंही तिकीट आहे ना?" अख्खी बस हसली. झाउगही हसला, पण खिडकीकडे तोंड करून.

टेकडीवर गवत कापलेलं, सॉसेज भाजल्याचा धूर, बायका मेरिंगवर, अंड्याच्या त्या कुरकुरीत मिठाईवर, साय ओतत होत्या. समोरच्या उतारावर फळ्या ओळीने उभ्या. त्यांच्याखाली खड्ड्यात माणसं बसलेली. गोळी जिथे लागेल तिथे ती लांब काठीला लावलेली थाळी धरून दाखवत. नेम पार चुकला, तर थाळी आडवी, सावकाश, नाही-नाही केल्यासारखी हलवत. संबंध टेकडीला दिसेल अशी.

सहा जण ओळीने पालथे झोपले. डावीकडून चौथा झाउग, पाचवा एर्विन. ओप्लिगरची जागा. ओप्लिगरबाई मागे घडीच्या खुर्चीवर, मांडीवर पर्स. "सरळ झोपा हं," त्या म्हणाल्या.

एर्विन झोपला. म्हणजे त्याच्या अंगाला जसं वळण लागलं होतं तसा झोपला: डोकं डावीकडे, पाय स्वयंपाकघराकडे.

पहिली गोळी. त्याने डोळा न मिटता, श्वास धरून, अगदी मनासारखी सोडली.

समोर त्याच्या फळीपुढे थाळी आली आणि आडवी हलली. नाही. नाही. नाही.

दुसरी गोळी, आणखी जपून. थाळी पुन्हा तशीच हलली, या वेळी थोडी कंटाळून. मागे कुणीतरी हसू दाबलं. एर्विनला ओल्या फरशीवर उभं असल्यासारखं वाटलं. गावाची जागा जाणार. आजोबांपासूनची जागा, आणि ती घालवणारा कोण, तर ज्याला दारातून परत पाठवलं होतं तो.

तिकडे झाउगच्या मागे उभा असलेला गुण लिहिणारा खूश होता. "झाउग, मधोमध!" त्याने पुकारलं. "पुन्हा मधोमध! वा!"

झाउगने अजून चष्माच पुसून संपवला नव्हता. तो पुसून झाला. त्याने तो लावला, समोर पाहिलं, आपल्या कार्बाइनकडे पाहिलं आणि मग शेजारी तिरक्या पडलेल्या एर्विनकडे पाहिलं. एर्विनच्या बंदुकीचं टोक झाउगच्या फळीकडे होतं.

ल्यूथीच्याही लक्षात आलं. तो पलीकडून दबक्या आवाजात म्हणाला, "झाउग, गप्प बस! गुण आपल्याच गावाचे आहेत. भोकं सारखीच दिसतात, कुणाला कळणार नाही. तू दोन गोळ्या कमी झाड आणि गप्प बस!"

खरंच कुणाला कळलं नसतं. दोन्ही बंदुकांना काडतूस एकच. झाउगला अशी सुरुवात आयुष्यात मिळाली नव्हती. यंदाचा उत्तम नेमबाजाचा पानांचा मुकुट त्याच्याच टोपीवर चढला असता. आणि गाव वाचलं असतं.

झाउगने हात वर केला. गोळीबार थांबला. तो वेळापत्रक कचेरीत बोलायचा तशा आवाजात बोलला, म्हणजे टेकडीच्या दुसऱ्या टोकालाही ऐकू गेलं.

"माझ्या नावावर लिहू नका. मी अजून बंदूक भरलेलीच नाही. ही दोन मधोमध लागलेली भोकं फांकहाउझरची आहेत. मी त्यापेक्षा चांगली मारू शकलो नसतो."

मेरिंगवर साय ओतणारा हातसुद्धा थांबला. नियमाप्रमाणे दुसऱ्याच्या फळीवर गेलेली गोळी फुकट. दोन्ही कापल्या गेल्या. ल्यूथीने कपाळ गवतावर टेकवलं. "झालं," तो गवताला म्हणाला. "गेलं गाव."

पण मागे, सॉसेजच्या रांगेत, कुणीतरी म्हणालं, "दोन्ही मधोमध? लांब बंदुकीने? कोण हा?"

"फांकहाउझर. विम्यावाला."

"कुठल्या तुकडीतला?"

याचं उत्तर देणं ओप्लिगरबाईंना जरुरीचं वाटलं नाही. "पाचव्या जागेवरचा," त्या म्हणाल्या.

एर्विन अजून तसाच पडला होता. गोळ्या फुकट गेल्याचं त्याला कळलं होतं, पण ते कुठेतरी लांब घडत होतं. कानात घुमत होतं ते एकच वाक्य: भोकं फांकहाउझरची आहेत. आणि मग त्याला अचानक तळघरातली चिठ्ठी आठवली, आणि या वेळी ती पहिल्या शब्दापासून आठवली. त्यांच्या हातून कोणताही गुन्हा घडलेला नाही. गाव त्याच्या पाठीमागे कुजबुजत होतं तेव्हा सही करून हे दारावर लावणारा अख्ख्या गावात एकच माणूस निघाला होता. आणि जाळीचं जे लिहिलं होतं, तेही खरंच होतं.

"एर्विन," शेजारून आवाज आला.

वीस वर्षांत पहिल्यांदा. पेल्याशिवाय.

"एर्विन, कान दे इकडे. तू तिरका झोपलायस. पाय डावीकडे ओढ. अजून. अरे अजून! तुझं घर मोजायला सांगितलं होतं मी, मोजलंस का? नाही ना? हं. आता समोर काय दिसतं?"

"फळी."

"आकडा?"

"पाच."

"ती तुझी. बाकी मला सोड."

आखूड

एर्विनने उरलेल्या गोळ्या पाचवर मारल्या. थाळी प्रत्येक वेळी मध्यावर येऊन थांबली. ओप्लिगरबाईंनी पर्स उघडली, रुमाल काढला, आणि कुणी पाहिलं नाही असं समजून डोळे पुसले.

लांब

गाव शेवटून दुसरं आलं.

हे ऐकून जितका जल्लोष झाला, तितका पहिल्या आलेल्या गावातही झाला नाही. ल्यूथीने एर्विनला उचलायचा प्रयत्न केला, मग बंदूक उचलली. मुकुट झाउगला मिळाला नाही, एर्विनला तर नाहीच. दोघे एका बाकावर, रिकाम्या टोप्या शेजारी ठेवून बसले. झाउगने पांढऱ्या वाइनचे दोन पेले आणले आणि एक पुढे केला.

"आता हे करायला हवं," तो म्हणाला. "उलट्या क्रमाने झालं, पण वेळापत्रकात असं होतं कधी कधी. मी ओटमार."

"मी एर्विन."

"माहीत आहे. वीस वर्षं तुझी लोकर वेचतोय."

एर्विनला खूप काही बोलायचं होतं. पण सैन्याच्या गोष्टी निघाल्या की कॉफी आणायला उठणाऱ्या माणसाला असं बोलायची सवय नसते. तो म्हणाला, "ओटमार, तू गप्प बसला असतास तर..."

"तर तू सगळ्या गोळ्या माझ्याच फळीवर मारल्या असत्यास," झाउग म्हणाला. "आणि फळीची चाळण झाली असती. मला स्वच्छ जाळी आवडते." मग पेल्यात बघत: "चांगली झाली ती भोकं. चांगल्या वस्तूवर ज्याचं त्याचंच नाव असावं."

बाकावर त्यांच्यामागे ओप्लिगरबाई आणि एक कार्बाइनवाला वाद घालत होते. लांब चांगली, की आखूड? एर्विनला कुणीतरी विचारलं. त्याने दोन्ही खांदे उडवले आणि सुखाने वाइनचा घोट घेतला.

आखूड

व्रेनी आता सकाळी कशालाही ठेचकाळत नाही. तळघरात झाउगचं कुलूपवालं उंच कपाट आहे. त्यात दोन बंदुका शेजारी शेजारी उभ्या आहेत, एक उंच, एक ठेंगणी. लांब बंदुकीचा काढून ठेवलेला खटका वर एर्विनच्या टेबलाच्या खणात असतो आणि कपाटाची किल्ली खाली झाउगकडे. म्हणजे दोघे जिन्यात भेटल्याशिवाय गोळी सुटत नाही.

एर्विन जाळी आता झाउगला हवी तशी साफ करतो. म्हणजे, त्याला तसं वाटतं. मागच्या सोमवारी दारावर नवी चिठ्ठी होती. त्याने ती उतरवली, घडी घातली आणि विम्याच्या कागदांत नव्हे, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली:

"एर्विन, पुन्हा करडी लोकर. तुझा ओटमार."